तलवारीतला स्टार स्क्रू

तलवार म्यानातून उपसताना 'श्रिंग' असा आवाज होत नाही. म्यान आतून लाकडाचं, बाहेरून कातड्याचं. त्यातून पातं ओढलं तर पाटावरून सुरी ओढावी इतपत खरखर होते, बस. हे मी गेली पस्तीस वर्षं भेटेल त्या सिनेमावाल्याला सांगत आलो, आणि भेटेल तो सिनेमावाला मान डोलावून तोच आवाज घालत आला. तरी मी सांगायचं सोडलेलं नाही. एखादी गोष्ट लावून धरायची तर तडीस न्यावी, नाहीतर तिच्या वाटेला जाऊ नये, अशा मताचा मी आहे. माझी बायको हिरा याला हट्ट म्हणते.

माझा धंदा खोट्या तलवारी करण्याचा. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत माझा एक गाळा आहे. डाव्या बाजूला औषधांची पिंपं बनतात, उजव्या बाजूला तारेच्या जाळ्या, आणि मधे आम्ही ढाली, चिलखतं, भाले, कट्यारी बनवत बसलेले. नवीन आलेला पोस्टमन पहिल्यांदा दारात थबकतोच. एकदा कारखाने तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "उत्पादन काय?" मी म्हटलं, "इतिहास." त्यांनी कागदावर 'पत्र्याच्या वस्तू' असं लिहिलं. तेही खरंच होतं.

मी मूळचा जवळच्याच मुरबे गावचा, मच्छीमाराच्या घरातला. सात पिढ्या दर्यावर गेलेल्या आणि आठवीत मी निपजलो, ज्याला बोट लागते. किनारा दिसेनासा व्हायच्या आत माझ्या पोटातलं सगळं बाहेर. वडिलांनी तीन हंगाम वाट पाहिली आणि मग आईला सांगितलं, "याला दर्या पचत नाय. याला लोखंडाकडं धाडा." म्हणून मी पालघरला पत्रेकाम शिकलो आणि बोईसरला कारखान्यात लागलो. गावच्या जत्रेत आमच्या पोरांनी ऐतिहासिक नाटक बसवलं होतं. दुसऱ्या अंकात राजानं शपथ घ्यायला तलवार उगारली आणि ती मधोमध वाकली. राजा हुशार. त्यानं ती गुडघ्यावर ठेवून सरळ केली आणि उरलेली शपथ घेतली. पुढच्या वर्षीची तलवार मी केली. ती वाकली नाही. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं की खोटी वस्तू करणं सोपं. खरी तलवार फक्त कापायला हवी. खोटीनं कापायचं नाही, वाकायचं नाही, उन्हात चमकायचं पण कॅमेऱ्यात डोळे दिपवायचे नाहीत, आणि शंभर वेळा आपटून एकशे एकाव्या वेळी नवी दिसायचं. दुरून दिसणाऱ्या सैन्यासाठी आम्ही फायबरच्या करतो. मारामारीसाठी अल्युमिनियमच्या. आणि जवळून दिसणार असेल तर पोलादी पट्टीची, बोथट धारेची, पितळी मुठीची, वजनाला खऱ्याइतकी. मूठ आणि पातं रिबीट मारून, म्हणजे खिळा घालून त्याचं टोक चेपून, जोडायचं आणि रिबिटाचं डोकं घासून असं सपाट करायचं की बोटाला लागू नये. जुने कारागीर मूठ बसवायला लाख वापरत. स्क्रू कोणीच वापरत नसे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं.

गिऱ्हाइकं एकेक नग. एका नवरदेवाला लग्नात मिरवायला कट्यार हवी होती, पण हलकी, कारण दिवसभर फोटो काढायचे होते. मी अल्युमिनियमची दिली. आयत्या वेळी तिच्या टोकावर लिंबू टोचेना. भटजी थांबलेले, मुहूर्त जवळ आलेला, आणि नवरदेवाचा मामा मला फोनवर विचारतोय, "अवो, हिला टोक हाय का नाय?" मी सांगितलं, लिंबाला सुरीनं भोक पाडा. लग्न लागलं. दुसरा एक नामवंत नट स्वतः गाळ्यावर आला आणि म्हणाला, मला खऱ्या वजनाचीच तलवार पाहिजे, मी भूमिका जगतो. मी आनंदानं दिली. दोन दिवसांनी त्याचा माणूस आला. साहेब अजून भूमिका जगतायत, पण खांदा सुजलाय, हलकी द्या.

त्या नटाला मी हसलो नाही. हलकी तलवार घेणं हा गुन्हा नव्हे. तलवार फिरवून थांबवली की तिचं वजन मनगटाला हिसका देतं. अल्युमिनियमची देत नाही. तो हिसका नटानं आपल्या पदरचा घालायचा असतो. जो घालतो तो नट, बाकीचे काठी फिरवणारे. मी सिनेमा बघतो तो असा, मनगटांकडे बघत.

आणि सिनेमा मी बघतोच. ऐतिहासिक सिनेमा लागला की पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला गाळा बंद. मी, हिरा आणि आमचा वेल्डर रामसूरत. रामसूरत बावीस वर्षं माझ्याकडे आहे, त्याला मराठी सगळं समजतं, बोलतो मात्र हिंदी. माझ्याकडे एक लांबट वही आहे. तिच्यात दोन रकाने: खरेपणा आणि अभिनय. दोन्हींना दहापैकी मार्क. मार्क त्याच दिवशी द्यायचे नाहीत, एक झोप झाल्यावर द्यायचे, म्हणजे ढोल-ताशांचा अंमल उतरलेला असतो. खरेपणाचा रकाना माझा, अभिनयाचा हिराचा.

हिरा बोईसरच्या बाजारात मासळी विकते. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी वाहिली, आता टेम्पो आहे. तिचं नाट्यशास्त्र त्या पाटीवर उभं आहे. "जड वस्तू उचलणाऱ्याचं तोंड खोटं बोलत नाय," असं तिचं म्हणणं. पडद्यावर कोणी हंडा उचलला, मूल उचललं, प्रेत उचललं की ती पुढे सरकून बसते. हंडा रिकामा असला की तिला लगेच कळतं. एका गाजलेल्या सिनेमात नायिका दुःखानं कोसळते, थिएटर हुंदके देतंय, आणि ही मला म्हणते, "पडायच्या आदी हात टेकवला तिनं. चार." खरेपणाच्या रकान्यातही ती घुसखोरी करते. एकदा समुद्रातल्या लढाईत सगळे जीव मुठीत धरून बघत होते. ही मोठ्यानं म्हणाली, "निशाण मागं उडतंय आणि शीड पुढं फुगलंय. वारा दोन बाजूंनी येतो काय रं?" पुढच्या रांगेत दांडी गावचे चार खलाशी होते, ते असे हसले की लढाई वाया गेली. दुसऱ्या एका सिनेमात ऐन श्रावणात, पावसाच्या दिवसांत, कोळीवाड्यात बोंबील वाळत घातले होते. त्या सिनेमाला मी खरेपणात सात देणार होतो, तिनं दोनवर आणला.

एका बाबतीत मात्र माझंच चालतं, किंवा चालायचं. दसऱ्याला आमच्या गाळ्यात हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे ड्रिल, ग्राइंडर, हातोडी, कानशी. तलवारी नाहीत. दरवर्षी हिरा म्हणायची, एक तरी ठेवा, शोभा येते. मी म्हणायचो, खऱ्या कामाच्या वस्तूला कुंकू लागतं, खोटीला नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या ऐतिहासिक सिनेमाचं काम माझ्याकडे आलं. सिनेमाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे सांगतोय ती चूक माझी आहे, त्यांची नाही. केळव्याच्या किनाऱ्यावर एक प्रसंग होणार होता. आरमारात लढताना मेलेल्या तरुणाची म्हातारी आई, मुलाची तलवार दोन्ही हातांवर घेऊन सरदाराला देते. एवढाच, दीड मिनिटाचा. तलवार जवळून दिसणार म्हणून मी खऱ्या वजनाची केली. म्यानासकट अडीच किलो. मूठ बसवायला पितळेची रिबिटं लागतात. ती संपली होती आणि आणायला वेळ नव्हता, म्हणून मी अल्युमिनियमची मारली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःला म्हटलं, कोण बघतंय!

त्या दिवशी मी आणि रामसूरत सामान घेऊन किनाऱ्यावर गेलो. हिरा हौसेनं आली, कमरेला ओचा खोचून, अगदी बाजारात बसते तशी. म्हातारीचं काम करणारी मुंबईची नटी गाडीनं निघाली होती ती मनोरजवळ हायवेवर अडकली. कंटेनर उलटला होता. इकडे भरती ओसरायला लागलेली. दिग्दर्शकाला मागे पाणी हवं होतं, चिखल नको होता. तो पस्तिशीचा, चष्मेवाला, भला मुलगा. तोपर्यंत कॅमेरा लावून तरी घेऊ म्हणून त्यांनी हिराला नटीच्या जागी उभं केलं. सरदाराचं काम करणारा नायक त्या दिवशी येणारच नव्हता, त्याची बाजू नंतर स्टुडिओत घेणार होते. त्याच्या जागी, कॅमेऱ्याला लागून, मला उभं केलं. तलवार घ्यायला कोणीतरी हवं ना.

"मावशी, उचला आणि यांच्या हातात द्या, एवढंच," दिग्दर्शक म्हणाला.

एकानं तिला फायबरची तलवार दिली. हिरानं ती हातावर तोलली आणि परत केली. "ही नको. ही पापडासारखी हाय. यांची ती जड आणा."

तिनं ती उचलली, माझ्याकडे चार पावलं चालत आली, आणि दिली. दिग्दर्शकानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्हीच कराल का?"

हिरानं माझ्याकडे बघितलं. बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई, पण चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. म्हणाली, "करीन. पण कमी पडलं तर सांगा. खोटं चांगलं म्हणू नका."

तिला सिनेमातलं लुगडं नेसवत होते तेव्हा मी तलवार हातात घेतली. मूठ हलत होती. अल्युमिनियमचं रिबीट तुटलं होतं. पाणी मिनिटामिनिटाला मागे चाललेलं, दिग्दर्शक घड्याळ बघतोय. लाईटवाल्याच्या पेटीत एक स्टार स्क्रू मिळाला, चौकडीची खाच असलेला, चकचकीत. तो आवळला, वरून मेण आणि काजळी थापली. दिसेनासा झाला. तीन वेळा प्रसंग घेतला आणि मग मुठीवर कॅमेरा अगदी जवळ आणून हिराचा अंगठा मुठीवरून हळूच सुटतो तेवढं वेगळं घेतलं. ती नटी पोचली तेव्हा तिथं चिखल होता. बिचारीनं हिराचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "बरं झालं मी अडकले."

संध्याकाळी घरी हिरा अंगठा घासत बसली होती. "हे काळं कशाचं लागलं? जाता जात नाय." मी हसलो आणि चहा मागितला. माझ्यासारखा मूर्ख मीच.

चार दिवसांनी सामान परत आलं तेव्हा रामसूरतनं ती तलवार पुसायला घेतली आणि हाक मारली, "मिस्त्रीजी, ई स्टार स्क्रू कौन लगाया?" मेण आणि काजळी हिराच्या अंगठ्याबरोबर गेली होती आणि मुठीच्या मधोमध तो स्क्रू रुपयासारखा चमकत होता.

मी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. कदाचित दिसला नसेल. दोन-तीन महिने तसेच काढले, मग राहवेना म्हणून त्यांच्याकडे राहिलेल्या तलवारी मोजायच्या निमित्तानं मुंबईला त्यांच्या कचेरीत गेलो आणि तो प्रसंग दाखवा म्हणालो. आधी हिरा दिसली. मग मूठ, पडदाभर. अंगठा सरकला आणि खालून चौकडी उघडी पडली, तीनशे वर्षांपूर्वीच्या तलवारीत. मग स्टुडिओतल्या नायकाचा हात आला आणि त्यानं तलवार घेतली.

मी तिथल्या तिथं सगळं सांगून टाकलं. दिग्दर्शक हसला. "काका, दोन सेकंद आहे. अख्ख्या महाराष्ट्रात कोण बघणार तो स्क्रू?"

मी म्हटलं, "बोईसर बघेल."

त्याला कळेना. मी समजावलं. साहेब, आमच्या थिएटरात दर रांगेला चार फिटर बसतात, दोन टर्नर, एक वेल्डर. त्यांनी आयुष्यात स्क्रूशिवाय काही बघितलेलं नाही. घोडे, हत्ती, महाल काही दिसणार नाही त्यांना, पण स्टार स्क्रू अंधारात दिसेल. आणि तिथं, त्या गावात, ही बाई रोज सकाळी बाजारात बसते.

त्याचं हसू गेलं. पण तो म्हणाला त्यातही खोटं नव्हतं. संगणकावर पुसता येतं, पण ती कामं करणारे गलबतं जाळण्यात गुंतले होते, यादी बंद झाली होती. मुठीचा तुकडा काढला तर हिरा आणि नायक जोडले जात नाहीत, कारण ते कधी समोरासमोर उभेच नव्हते. ती मूठ म्हणजेच सांधा. "आणि काका, खरं सांगू? सिनेमा लांबलाय. त्या प्रसंगात काही अडचण आहे असं मी वर निर्मात्यांना कळवलं, तर ते म्हणतील, प्रसंगच काढा. मी गप्प बसलो तर मावशी राहतात. तुम्ही ठरवा."

परतीच्या वाटेवर वैतरणेचा पूल गेला, सफाळे गेलं, माझं ठरेना. गप्प बसावं तर हिरा पडद्यावर दिसेल, आणि बोईसर तिच्या दीड मिनिटावर हसेल. बोलावं तर ती दिसणारच नाही. चूक माझी आणि दोन्हीकडून भोगायचं तिनं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुकांचे मार्क कापले आणि लोकांना सांगत सुटलो. आता स्वतःची आली तर ती दडपायचा मोह मला होत होता, हेही इथं लिहून टाकतो.

हिराला सांगितलं तेव्हा ती बोंबील साफ करत होती. सगळं ऐकलं. हात थांबला नाही.

"म्हंजे त्या दिवशी माजा अंगठा काळा झाला तो तुमच्या लबाडीनं."

"हो."

"आणि मला आता सांगताव."

"हो."

गावात सगळ्यांना कळलं होतं, दोन्ही मुली नवऱ्यांसह पहिल्या खेळाला येणार होत्या. मी म्हटलं, "राहू दे. दोन सेकंद तर आहे. मी गप्प बसतो."

तेव्हा तिनं विळी बाजूला केली. "कशाला गप्प बसताव? निशाण उलटं उडालं तवा आपण गप्प बसलो? श्रावणात बोंबील दिसले तवा? लोकांच्या बायकोचा सिनेमा असला की बोलायचं आणि आपल्या बायकोचा असला की मिठाची गुळणी? नाय जमायचं. जा आणि सांगा, नीट करा नायतर काढा." मग जरा थांबून म्हणाली, "काढला तर मी रडीन. दोन दिस रडीन. तुमी मधी बोलू नका."

दुसऱ्याच दिवशी मी पितळेच्या रिबिटांची नवी मूठ बसवून तलवार घेऊन कचेरीत गेलो. पुन्हा फक्त मूठ आणि अंगठा घ्या, हात तिचेच आणतो, म्हणालो. कॅमेरे दुसऱ्या कामाला लागले होते. चार दिवसांनी परत गेलो, दिग्दर्शक भेटला नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दारातच बसून राहिलो. दुपारी तो बाहेर आला. मी उभा राहून म्हटलं, "माझ्या बायकोनं सांगितलंय, नीट करा नाहीतर काढा. चूक माझी आहे. वर कळवाल तेव्हा माझं नाव घालून कळवा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "काका, काढलं तर?"

"तर ती दोन दिवस रडेल. तयारी झालीय."

"बघतो," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. मीही केला नाही. विचारून दिलासा मागणं मला पटेना.

गणपतीनंतर सिनेमा लागला. बोईसरला, पहिल्या दिवशी, पहिला खेळ. हिरा, दोन्ही मुली, जावई, रामसूरत, मुरब्याची तीसेक माणसं, अर्धा मासळीबाजार. प्रसंग काढलेला असू शकतो, हे आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. हिरा लग्नातलं लुगडं नेसली होती आणि माझ्या मनगटावर तिचा हात होता. म्यानातून तलवार निघाली, 'श्रिंग' झालं, मी काही बोललो नाही. मध्यंतर झालं. गलबतं जळली, ती मात्र छान जळली. आरमार परत आलं. माझ्या मनगटावरची बोटं रुतली.

आणि हिरा दिसली.

पाण्याकडे पाठ, वाऱ्यानं पदर चिकटलेला, दोन्ही हातांवर तलवार. चार पावलं. मी मुठीची वाट बघत होतो. मूठ आलीच नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हललाच नाही. मानेची शीर ताणलेली, ओठ मिटलेले, वजनानं खांदे खाली ओढलेले. समोर नायक नाही, त्याचा हात नाही, काही नाही. त्यांनी नायकालाच काढून टाकलं होतं. ती समोर बघत राहते, मग कोणीतरी तलवार घेतं, ते दिसत नाही, फक्त तिच्या खांद्यांवरचं ओझं सुटतं आणि ते आपसूक वर येतात. रिकामे झालेले हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नाही. बस, संपलं.

त्या किनाऱ्यावर तलवार घेणारा मी होतो. पडद्यावर ती माझ्याकडे बघत होती. हे त्या थिएटरात आम्हा तिघांनाच माहीत होतं, मला, तिला आणि रामसूरतला. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

आमच्या मागच्या रांगेत कंपनीचा निळा गणवेश घातलेले दोघं बसले होते, पाळी संपवून तसेच आलेले. त्यातला एक दुसऱ्याला हळू आवाजात म्हणाला, "तलवार असली है. कंधा देख."

हिरानं माझं मनगट सोडलं. पुढे वाकून कानात म्हणाली, "शेवटच्या पावलाला घाई केली मी. सात." मी म्हटलं, एक झोप होऊ दे.

झोप झाल्यावरही तिनं सातच लिहिले. खरेपणाच्या रकान्यात मी श्रिंगचे दोन कापले आणि खाली एक ओळ लिहिली: मूठ, माझं काम, शून्य. दिग्दर्शकाला फोन केला, तर तो म्हणाला, "सांधा काढल्यावर कळलं काका, सांध्याची गरजच नव्हती. मावशींना सांगा." मी सांगितलं. त्या दिवशी तिनं पापलेटाच्या भावात कोणाशीही घासाघीस केली नाही, असं बाजारातून कळलं.

परवा दसरा झाला. ड्रिल, ग्राइंडर, हातोडी, कानशी मांडून झाल्यावर मी ती तलवार आणली आणि पाटावर ठेवली. रामसूरतनं वर बघितलं. हिरा हळदकुंकवाचं ताट घेऊन आली आणि थांबली.

"ही खोटी हाय ना? खोटीला कुंकू नाय लागत म्हणता."

"बोईसरनं पास केली," मी म्हटलं.

तिनं तलवारीला कुंकू लावलं. मग हात पुढे केला. "आणि तो स्क्रू कुठाय? तो पण ठेवा. चूक आपलीच हाय, ती काय रस्त्यावर टाकायची?"

खणातून काढून मी तो तलवारीच्या शेजारी ठेवला. हिरानं त्याच्या चौकडीत बोटानं कुंकू भरलं आणि नारळ माझ्या हातात दिला.